‘कच्चं पोर’ कोण घडवतं?

मुसलमानांच्या शिक्षणाची चर्चा निघाली की ती दोन मिनिटांत मदरशावर येऊन ठेपते. मदरसे बंद करा म्हणणारे एका बाजूला, मदरशाला हात लावाल तर खबरदार म्हणणारे दुसऱ्या बाजूला. या भांडणात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही, की आपली मुले आहेत तरी कुठे? न्या. राजिंदर सच्चर समितीने 2006 साली अहवाल दिला, तेव्हा शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन ते चार टक्के मुले मदरशात आढळली. सहा ते चौदा वयाची पंचवीस टक्के मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच गळाली होती. बाकीची साध्यासुध्या शाळांत होती. म्हणजे शंभरातल्या चार पोरांवरून वीस वर्षे हाणामारी, आणि उरलेली जिथे बसतात किंवा जिथून उठून जातात, त्या वर्गाची विचारपूस नाही. मला बोलायचे आहे ते त्या वर्गाविषयी.

अकोट तालुका घ्या. सातपुड्याच्या पायथ्याचा हा कापसाचा मुलूख. इथे शेतमजुराचे पोर घरी ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ बोलते. हमालाचे किंवा फळवाल्याचे मुसलमान पोर घरी ‘मेरेकू’, ‘कायकू’ बोलते. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठवून या पायथ्याशी वसवलेल्या गावांतले पोर कोरकू बोलते आणि कोरकू ही मुंडा कुळातली, मराठीशी रक्ताचे नातेच नसलेली भाषा. ही तिन्ही मुले एकाच बाकावर बसतील असे नाही. पण शाळा कोणतीही असो, तिघांच्याही हाती येणारे मराठीचे पुस्तक पुण्याच्या बालभारतीत प्रमाण भाषेत तयार झालेले असते. कुणासाठी ते शेजारच्या गल्लीतले, कुणासाठी परगावचे, कुणासाठी परमुलखातले. सहामाहीला मात्र तिघांना एकच शेरा मिळतो. कच्चा!

माझे म्हणणे असे, की पोर कच्चे जन्मत नाही. त्याला कच्चे ठरवले जाते. आणि ते ठरवण्यात शाळा, शासन आणि आपला समाज या तिघांचाही वाटा आहे.

आधी वर्गात जाऊ. उर्दू बोलणारे मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते, कारण उर्दूत ‘ण’ नाही. वऱ्हाडी बोलणारे मूलही ‘पानी’च म्हणते. एकाला ‘शाळा’ची ‘शाला’ होते, दुसऱ्याला ‘डोळा’चा ‘डोया’. चूक दोघांची एकाच जातीची. पण वऱ्हाडी पोराच्या ‘पानी’वर आपण हसून म्हणतो, ‘खेड्यातलं लेकरू आहे’. मुसलमान पोराच्या ‘पानी’वर शेरा पडतो, ‘या लोकांना मराठी येतच नाही’. एकाच उच्चाराला दोन न्याय! शिक्षकाच्या जिभेवर हा दुसरा न्याय आला, की त्या पोराने त्या दिवसापासून वर्गात तोंड उघडणे बंद केले असे समजावे. न बोलणारे मूल भाषा शिकत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आता ‘पुस्तक फाटली’ हे वाक्य पाहा. वहीत त्यावर लाल रेघ येते. पण मुलाने ते हवेतून काढलेले नाही. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. त्याच्या घरी ‘किताब’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून पुस्तकही ‘फाटली’. चुकीच्या पोटात नियम आहे. हे ज्याला कळते तो शिक्षक लाल रेघेऐवजी फळ्यावर तीन रकाने आखतो. तो, ती, ते. मुलांकडूनच घरातल्या वस्तू काढून घेतो, घरच्या बोलीत त्या काय आणि मराठीत काय हे शेजारी शेजारी लिहितो. पंधरा दिवस रोज दहा मिनिटे हे केले तर मुलाला आपली चूक कुठून येते ते स्वतःच दिसू लागते. एक पैसा खर्च नाही. मात्र शिक्षकाला त्या मुलाच्या घरच्या बोलीची तोंडओळख हवी. शिक्षक घडवणाऱ्या पदविकेत ती कोण करून देतो?

उलट, जे पोराच्या पदरात आधीच आहे ते आपण मोजत नाही. हजेरी, दप्तर, कागद, शाई, हिशेब, तारीख. शाळेचा दिवस ज्या शब्दांनी सुरू होतो ते शब्द फारसी-अरबीतून मराठीत आलेले आहेत आणि उर्दू घरातले मूल ते घेऊनच वर्गात येते. पहिल्या आठवड्यात फळ्यावर असे पन्नास शब्द लिहावेत आणि सांगावे, ‘हे बघ, एवढी मराठी तुला येते’. मुलाच्या पाठीचा कणा ताठ होतो. ‘जखम’मधला ‘ज’ मराठी पोराला शिकवावा लागत नाही, तसा तो उर्दू पोरालाही शिकवावा लागत नाही. ‘जमीन’ म्हणताना तो त्याच्या जिभेवर असतोच. ‘चमचा’तला ‘च’ मात्र मुद्दाम ऐकवावा लागतो. काय येते आणि काय येत नाही, याचा असा चोख हिशेब मांडणे म्हणजे शिकवणे.

गणिताचेही तेच. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर काय गदारोळ उडाला! विधिमंडळातही थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की लहान मुलांना जोडाक्षरे आणि उलट क्रम यांचा त्रास होतो. पद्धत पटो न पटो, प्रश्न खरा होता. ‘त्रेपन्न’ ऐकून पस्तीस लिहिणारी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिली आहेत. थट्टा करणाऱ्यांपैकी दुसरीच्या वर्गात आठवडाभर उभे राहिलेले किती होते? इथेही घरची भाषा मदतीला येते. ‘एकोणसाठ’ आणि ‘उनसठ’ या सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हींचा अर्थ साठाला एक कमी. अकोटची सतरंजी जुन्या गॅझेटियरपासून नावाजलेली. ती वर्गात अंथरा. पट्टे मोजा, अर्धे-पाव करा, नक्षीची घडी घालून दोन्ही बाजू जुळतात का ते पाहा. अपूर्णांक आणि सममिती पोराच्या बुडाखाली आहेत, आणि आपण ती फळ्यावर शोधतो.

‘हे सगळं ठीक आहे, पण वेळ कुठे आहे?’ असे माझे शिक्षकबंधू विचारतील. त्यांचे खरे आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले. इयत्ता मात्र चार किंवा पाच. म्हणजे खेड्यातल्या लहान शाळेत एका शिक्षकाच्या माथी दोन-तीन वर्ग कायद्यानेच मारलेले आहेत. यावर वाट आहे, आणि ती महाराष्ट्रातूनच निघाली. 1990च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत सुरू झालेल्या ‘प्रथम’ने वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमले. मागे पडलेल्या मुलांना त्या रोज दोन तास वेगळे शिकवत. पुढे इयत्ता बाजूला ठेवून, मुलाला आज काय वाचता येते त्यावरून गट पाडण्याची रीत त्यांनी रुजवली. अक्षर ओळखणारे, शब्द वाचणारे, गोष्ट वाचणारे असे गट. 2019चे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी मुंबई-बडोद्यात हे काम तपासून पाहिले आणि त्याचा गुण येतो असे दाखवले. आज आफ्रिकेतले देश ही रीत उचलत आहेत. अकोटच्या शाळेने रोज एक तास असे गट केले तर तिला कुणाची परवानगी हवी?

हवी! कारण तो तास शिक्षकाचा राहिलेलाच नाही. त्याच कायद्याचे कलम 27 सांगते, की जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरे अशैक्षणिक काम देऊ नये. प्रत्यक्षात सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती, फोटो, पोषण आहाराचे आकडे यांना अंत नाही. 2024 साली तर लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका एका वर्षात आल्या. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितले. शिक्षकाची परीक्षा जरूर घ्या. पण ज्यांनी त्याला गुरुजीचा कारकून केला त्यांची परीक्षा कोण घेणार?

आणि हा भाषेचा तमाशा! 16 एप्रिल 2025 रोजी शासनाने पहिलीपासून हिंदी आणली, 29 जूनला मागे घेतली. मधल्या अडीच महिन्यांत दोन्ही बाजूंनी तिसऱ्या भाषेवर तलवारी उपसल्या. उर्दू शाळेतले पोर मात्र पहिलीतच माध्यमाची उर्दू, राज्याची मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांचे ओझे वाहते आहे, त्यावर कुणी मोर्चा काढला नाही. कोरकू पोराची तर पहिली भाषाच शाळेच्या दाराबाहेर राहते. ज्यांची पहिली भाषा ऐकून घेतली जात नाही, त्यांच्या तिसऱ्या भाषेची काळजी हे राजकारण झाले, शिक्षण नव्हे.

आता थोडे आपल्या घरात. किती उर्दू शाळांत मराठीचा तास ज्याचा तास रिकामा असेल त्याच्या गळ्यात पडतो? आपल्या संस्थाचालकांनी मराठीला परीक्षेपुरती भाषा मानले. पुढे पोलीस भरती, तलाठी परीक्षा आली, की तेच पोर दारातून परत येते आणि आपण भेदभावाच्या नावाने बोटे मोडतो. भेदभाव आहेच. पण त्याच्या हाती हत्यार आपण दिले. आणि ज्याला दोन पैसे जुळले तो पाटीवर ‘इंग्लिश’ हा शब्द पाहून लेकरू तिथे टाकतो, जिथे घरची बोली ना शिक्षकाला येते ना लेकराला बोलू दिली जाते. जलशाच्या, कमानीच्या वर्गणीची पावती दारोदार फिरते. शाळेतून गळालेल्या मुलीची चौकशी करायला दारोदार कोण फिरतो? जोतीराव फुल्यांची शाळा सुटली होती, तेव्हा त्यांच्या वडिलांना समजावून पोराला पुन्हा शाळेत घालायला लावणाऱ्यांत शेजारचे गफ्फार बेग मुन्शी होते. ते उर्दू-फारसीचे शिक्षक. त्यांनी शाळा काढली नाही, पोर ओळखले. आज आपल्या मोहल्ल्यांत असे मुन्शी किती?

तेव्हा मागणे थोडके आहे. शिक्षक-प्रशिक्षणात वऱ्हाडी, उर्दू आणि कोरकू बोलींची ओळख सक्तीची करा. उर्दू शाळांना मराठीचा पूर्ण वेळ, मराठी शिकलेला शिक्षक द्या. रोजचा एक तास कोणत्याही परिपत्रकाने हात लावू नये असा राखून ठेवा. वस्तीतल्या शिकलेल्या मुलींना मानधन देऊन वर्गात मदतीला घ्या. आणि शिक्षकांनो, ‘कच्चा’ हा शेरा लिहिण्याआधी त्या पोराची चूक एकदा घरापर्यंत सोडून या. ती कोणत्या बोलीतून आली हे कळले, की शेरा लिहायला हात धजणार नाही.