दगडी रथ, मर्सिडीज आणि हजार रुपयांचे म्हातारपण

आलिशान मोटार विकत घ्यावी, की तोच पैसा शेअरबाजारात गुंतवून पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरीला रामराम ठोकावा, असा एक पेच अलीकडे सुशिक्षित मध्यमवर्गापुढे मोठ्या गांभीर्याने मांडला जात आहे. गुंतवणुकीचे सल्लागार वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट रक्कम साठविण्याचा अमेरिकेतून आयात केलेला आडाखा सांगतात. मोटारकंपन्या सांगतात की आयुष्य एकदाच मिळते, हप्ते भरा आणि उपभोगा. दोघेही आपापल्या दुकानात गिऱ्हाईक ओढत आहेत, एवढे उघड आहे. परंतु या दोन दुकानांच्या मधली भिंत किती पातळ आहे, हे मात्र भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. खर्चिकाची चैन आणि काटकसऱ्याची लवकर निवृत्ती या दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे: आपण काम थांबविल्यानंतरही दुसरा कोणीतरी काम करीत राहील आणि त्याच्या श्रमाचा वाटा आपल्याला घरबसल्या पोहोचत राहील.

हे गृहीतक नवे नाही. मराठी माणसाला तर ते फार जवळून ठाऊक असावयास हवे, आणि त्यासाठी थोडे दूर, कावेरीच्या खोऱ्यात जावे लागेल.

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. तेथे भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ बांधलेले छत्र उभे आहे. छत्र म्हणजे वाटसरूंसाठी अन्नसत्र व धर्मशाळा. या इमारतीची घडण रथासारखी असून दगडी घोडे आणि हत्ती तो रथ ओढीत आहेत. त्या काळातील आलिशान वाहनाची ही प्रतिकृती. फरक एवढाच की या वाहनात राजा बसत नव्हता, तर रामेश्वराच्या वाटेने निघालेला उपाशी यात्रेकरू त्याच्या सावलीत जेवत होता.

या सरफोजींचा जन्म 1777 चा. 1799 च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने तंजावरचे राज्य आपल्या ताब्यात घेतले आणि राजाला किल्ला, वर्षाला एक लाख पागोडा व महसुलाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एवढी नेमणूक ठरवून दिली. म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी हा राजा राज्यकारभारातून निवृत्त झाला! लवकर निवृत्तीचे आजचे पुरस्कर्ते ज्या स्थितीची स्वप्ने पाहतात ती त्याच्या पदरात अशी पडली. त्या निवृत्तीत त्याने सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला, छापखाना काढला, छत्रांना जोडून पाठशाळा चालविल्या आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 मध्ये आपल्या कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. आमचे इतिहासप्रेमी येथे थांबतात आणि गहिवरतात. गहिवरण्याजोगे त्यात काही नाही असे आम्ही म्हणणार नाही. मिळालेल्या पैशाचा एवढा सार्वजनिक उपयोग करणारे संस्थानिक हिंदुस्थानात फार झाले नाहीत. पण महसुलाचा तो पाचवा हिस्सा कोठून येत होता, हा प्रश्न विचारल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

तो येत होता भाताच्या खाचरांतून. आणि खाचरांत गुडघाभर चिखलात उभा होता पण्णैयाळ, म्हणजे जमीनदाराच्या घराशी पिढ्यान्‌पिढ्या बांधला गेलेला, बहुतांशी दलित जातीचा शेतगडी. राजा गेला, कंपनी गेली, गोरे सरकारही गेले. मिरासदार मात्र राहिला. तंजावरचा मोठा मिरासदार हा जन्मतःच निवृत्त असलेला प्राणी होता. त्याने कधी नांगर धरला नाही, रोप लावले नाही. त्याचे उत्पन्न त्याच्या मागे मागे शहरापर्यंत चालत येई. पण्णैयाळाने तोंड वर केले तर चाबकाचे फटके आणि शेण कालवलेले पाणी पाजणे ही शिक्षा ठरलेली असे. 1940 च्या दशकात बी. श्रीनिवास राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किसान सभा बांधली, तेव्हा कोठे या प्रथेला हादरा बसला, आणि 1952 मध्ये तंजावरच्या कुळांना व पण्णैयाळांना संरक्षण देणारा कायदा करणे मद्रास सरकारला भाग पडले.

पुढचे पान रक्ताने लिहिलेले आहे. 25 डिसेंबर 1968 च्या रात्री, त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे, मजुरीत थोडे अधिक धान्य मागणाऱ्या शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला आणि एका झोपडीत आसरा घेतलेल्या 44 जणांना जिवंत जाळण्यात आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. खटल्यात मिरासदारांचा पुढारी गोपालकृष्ण नायडू व इतरांना 1970 मध्ये शिक्षा झाली. काही वर्षांतच उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. या निकालातील एक युक्तिवाद प्रत्येक कॉम्रेडने लक्षात ठेवावा असा आहे. हे सारे श्रीमंत, विस्तीर्ण जमिनींचे मालक आहेत, पहिल्या आरोपीजवळ तर मोटारगाडी आहे, तेव्हा अशी माणसे नोकरांना न पाठविता स्वतः चालत जाऊन झोपड्यांना आग लावतील हे पटण्याजोगे नाही, असा न्यायालयाचा तर्क होता. मोटार ही केवळ चैनीची वस्तू नसते, हे या देशात यापेक्षा स्पष्ट शब्दांत क्वचितच कोणी सांगितले असेल. ज्याच्या दारात मोटार उभी तो गुन्हेगारांच्या यादीतून आपोआप वर उचलला जातो.

आता महाराष्ट्रात या. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादेत एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्या विकल्या गेल्या. एकूण किंमत सुमारे 65 कोटी रुपये, आणि त्यातील 40 कोटींहून अधिक रक्कम स्टेट बँकेने कर्जाऊ दिली, सात टक्क्यांच्या आसपास व्याजाने. मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची मालिका चालू असताना झालेल्या या खरेदीचे वर्तमानपत्रांनी ‘मागास विभागाची भरारी’ म्हणून कौतुक केले. ट्रॅक्टरसाठी कर्ज मागणाऱ्या शेतकऱ्याला त्याच काळात कितीतरी चढा दर पडत होता, ही गोष्ट पी. साईनाथ यांनी तेव्हाच वेशीवर टांगली. बँक राष्ट्राची, ठेवी सामान्य माणसांच्या, उत्पादनाचे साधन महाग आणि मिरवण्याचे साधन स्वस्त! शिवाय व्यापारी वा कंपनी अशी गाडी घेते तेव्हा घसारा आणि व्याज हा धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतो. म्हणजे काटकसरीचा उपदेश ज्यांना करावयास हवा, त्यांच्या उधळपट्टीला सरकारी तिजोरी हातभार लावते.

हा हातभार अलीकडे आणखी वाढला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वस्तू व सेवा करात जी फेररचना झाली तीत उपकर रद्द होऊन, ज्या मोठ्या गाड्यांवर एकूण 50 टक्के भार होता तो 40 टक्क्यांवर आला. करापूर्वी पन्नास लाख किमतीच्या गाडीमागे ही पाच लाखांची सवलत झाली. आता दुसरे पान उलटा. 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली किमान पेन्शन 2014 मध्ये दरमहा 1,000 रुपये ठरले, आणि दहा वर्षे उलटून गेल्यावरही कामगारांना हाच आकडा ऐकविला जात राहिला. एका गाडीवरील कर-सवलत म्हणजे अशा एका वृद्धाचे एकेचाळीस वर्षे आठ महिन्यांचे पेन्शन. औरंगाबादच्या त्या गाड्यांची सरासरी किंमत त्रेचाळीस लाखांच्या घरात जाते; तेवढ्या पैशात हाच वृद्ध साडेतीनशेहून अधिक वर्षे पेन्शन घेत राहिला असता. आणि ज्यांना कोणतीच योजना लागू नाही, त्या दारिद्र्यरेषेखालील साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांसाठी केंद्र सरकारने ठरविलेला दरमहा वाटा आहे दोनशे रुपये. राज्ये आपली भर घालतात. तामिळनाडूने 2023 मध्ये ही रक्कम 1,200 केली. त्यावर ओरत्तनाडूची शेतमजूर म्हातारी ‘लवकर निवृत्ती’ घेणार आहे काय?

सल्लागार म्हणतील, गरिबाने तरुणपणीच बचत करावयास हवी होती. या निर्लज्ज वाक्याला उत्तर ओरत्तनाडूच्या नारळीच्या बागांनी दिलेले आहे. 1934 मध्ये मेट्टूर धरण पुरे झाले, कालव्याचे पाणी या बाजूला आले आणि कालांतराने लहान शेतकऱ्यांनी नारळ लावला. उंच जातीचा नारळ फळावर यायला सहा-सात वर्षे घेतो, आणि त्यानंतर साठ वर्षे पोसतो. छोट्या शेतकऱ्याचे निवृत्तिवेतन ते हेच. वाकून रोपणी करण्याची ताकद गेल्यावर झाडाखाली बसून खाण्याची तरतूद. 16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे ‘गजा’ चक्रीवादळ आले आणि ओरत्तनाडु, पट्टुकोट्टई, पेरावुरणी या पट्ट्यातील बागा काही तासांत आडव्या झाल्या. सरकारी भरपाई ठरली झाडामागे 1,100 रुपये, त्यांतले 500 पडलेला बुंधा तोडून हलविण्याचे. एका माणसाच्या म्हातारपणाच्या साठ वर्षांच्या आधाराचा हा भाव! या शेतकऱ्याने काय कमी बचत केली होती? त्याने मर्सिडीज घेतली नव्हती, हॉटेलात उडविले नव्हते, संयम आणि दूरदृष्टी यांत कोणत्याही आर्थिक सल्लागाराला त्याने लाजविले असते. एकट्याची बचत एका रात्रीत वाहून जाऊ शकते, मग ती नारळाच्या रूपात असो की बाजारातील कागदाच्या.

कामगाराच्या वाट्याला लवकर निवृत्ती येत नाही असे मात्र नाही. ती त्याच्यावर लादली जाते, आणि तिला ‘स्वेच्छा’ निवृत्ती असे विनोदी नाव दिले जाते. 1982 च्या संपानंतर गिरणगावातील हजारो कुटुंबांनी ती पाहिली. श्रीपेरंबदूरचा नोकियाचा कारखाना 2006 मध्ये सुरू झाला आणि नोव्हेंबर 2014 मध्ये बंद पडला. पंचविशीतल्या मुलामुलींनी हातात धनादेश घेऊन निवृत्ती स्वीकारली. त्यांना निवृत्तिवेतनाचा हिशेब कोणी समजावून सांगितला काय? 1995 च्या योजनेत किमान दहा वर्षांची सेवा भरल्याशिवाय पेन्शन नाही. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर, असे तिचे सूत्र आहे. 2014 मध्ये ठरलेली पंधरा हजारांची मर्यादा धरली तर पस्तीस वर्षे एकही खंड न पडता राबलेल्या माणसाला या सूत्राने मिळतात साडेसात हजार. कंत्राटी कामगाराला पस्तीस वर्षे राहू द्या, अकरा महिन्यांपुढे सलग ठेवीत नाहीत.

यावर आपल्यातीलच काही कॉम्रेड्स दबक्या आवाजात एक आक्षेप घेतात. आमची मुले पुण्यात, बंगळूरला, चेन्नईत संगणकाच्या कामात आहेत. बारा-बारा तास पडद्यासमोर बसून पन्नाशीपूर्वी त्यांची पाठ मोडते. त्यांनी मोटारीचा सोस सोडून चार पैसे बाजूला टाकले तर ते पाप कसे? पाप मुळीच नाही. मोटारीच्या हप्त्यात अडकलेला नोकरदार साहेबापुढे मान वर करू शकत नाही, आणि गाठीला पैसे असलेला एखादा तरी संघटनेच्या सभेला येतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. कामातून सुटण्याची त्यांची ओढ हीच मुळी त्या कामाविरुद्धची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. आमचा झगडा आहे तो या ओढीला एकट्याच्या पळवाटेत वळविणाऱ्या शिकवणुकीशी. ज्याची सुटका लाभांशावर उभी आहे, त्याला चाकणच्या किंवा श्रीपेरंबदूरच्या कामगाराची पगारवाढ आपल्या पोटावर येते असे वाटू लागते. तो मिरासदार होत नाही हे खरे. पण मिरासदाराच्या डोळ्यांनी पाहावयास शिकतो. कामाचे तास कमी करणे आणि म्हातारपण हक्काचे करणे या मागण्या त्याच्याच होत्या, आणि त्या त्याच्या हातातून काढून घेऊन त्याला म्युच्युअल फंडाचे पत्रक देण्यात आले आहे.

या मागण्या हवेतल्या नाहीत. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांचे ठरीव पेन्शन काढून ते बाजाराच्या हवाली केले गेले. मार्च 2023 मध्ये लाखो कर्मचारी, शिक्षक, परिचारिका आठवडाभर संपावर राहिले आणि सरकारला बोलणी करावी लागली. पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्तीचा आडाखा सांगणाऱ्या एकाही पंडिताने या संपाला पाठिंबा दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आणि बुलढाण्यात, साखर कारखाने, सूतगिरण्या, एस.टी. यांत हयात घालविलेल्या निवृत्तांनी दरमहा साडेसात हजार रुपये व महागाई भत्ता या मागणीसाठी वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालविले. वर दिलेल्या सूत्राने पस्तीस वर्षांच्या सेवेला जो आकडा येतो, तोच त्यांनी किमान म्हणून मागितला आहे.