राउटरची बैठक

जसोंडीहून सुतारकाम करणाऱ्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या चिरंजीवांनी राउटर घेतला, तो मेजाखाली उलटा टांगला आणि वर आलेल्या बिटावरून सागाच्या पट्ट्या सरकवून तावदानी दारांच्या खोबणी पाडण्यास आरंभ केला. पहिली दारे नेटकी उतरली. पुढे उन्हाळ्यात केलेल्या पट्ट्यांच्या खोबणी मात्र दोन्ही टोकांशी खोल आणि मध्यभागी उथळ निघाल्या, आणि गिऱ्हाइकाने दिलेले लाकूड वाया गेले. चिरंजीव म्हणतात, बिट बोथट झाले. वडील म्हणतात, यंत्राचा नाद सोडावा, घरचा रंधाच बरा. आम्हांला दोघांचेही म्हणणे पटत नाही. कारण पत्राच्या शेवटी ओघात एक वाक्य येते, की राउटर ज्या प्लेटवर बसविला आहे ती ॲक्रिलिकची आहे.

मोठा राउटर पाच-सहा किलो वजनाचा असतो आणि हे सारे वजन रात्रंदिवस त्या एका प्लेटला लोंबत असते. ॲक्रिलिक काचेसारखे आरपार दिसते, कापण्यास सोपे, किमतीलाही हलके. म्हणून त्याचा मोह पडतो. परंतु सततच्या भाराखाली ते हळूहळू वाकते, आणि निमाडातील उन्हाळा त्या वाकण्यास हातभारच लावतो. प्लेटचा मध्य खचला की बिटही तेवढेच खाली जाते. लांब पट्टी त्या खोलगटावरून पुलासारखी जाते, म्हणून मध्ये खोबण उथळ. टोक आले की ते खोलगटात उतरते, म्हणून तेथे खोल. बिट बिचारे निरपराध आहे.

पर्याय दोन. पहिला ॲल्युमिनियमचा. सहा मिलिमीटर जाडीची सपाट प्लेट मोठ्या यंत्रालाही पुरते, आणि पातळ असल्याने बिटाची उंची फारशी खात नाही. तिचा एक दोष असा, की कोऱ्या धातूचे काळसर डाग फिकट लाकडावर उठतात; तेव्हा ॲनोडाइझ केलेली मिळाल्यास तीच घ्यावी. दुसरा पर्याय हायलमचा. बेकलंड यांनी १९०७ साली अमेरिकेत जी राळ सिद्ध केली व जी बेकेलाइट म्हणून ख्यात झाली, त्याच जातीच्या राळेत कागदाचे वा कापडाचे थर भिजवून, उष्णता व दाब देऊन हा तक्ता होतो. एकदा घट्ट झालेली ही राळ उन्हाने पुन्हा मऊ होत नाही. प्लेटसाठी जाडी नऊ-दहा मिलिमीटर असावी. बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव. वीजफलकांची कामे करणाऱ्यांकडे एखादा तुकडा मिळतो का, हे आधी विचारून पाहावे. आमचा कौल हायलमला आहे. कापताना मात्र नाकातोंडावर फडके हवेच; ती धूळ फार वाईट.

तुकडा घेताना धातूची सरळ पट्टी दोन्ही कर्णांवर आडवी ठेवून उजेडाकडे पाहावे. खालून उजेड दिसला तर तो तुकडा परत करावा, दुकानदार काहीही म्हणो. आकाराचा हव्यासही नको. नऊ इंच बाय बारा इंच पुष्कळ झाले. प्लेट जितकी मोठी तितका मध्य खचण्याचा संभव अधिक. राउटरची मूळ काळी बैठक काढून तिच्यावरूनच छिद्रे आखावीत, पण ती उलटी ठेवून नव्हे, नाहीतर छिद्रे आरशातल्यासारखी उमटतात आणि चांगला तक्ता हकनाक बाद होतो. स्क्रूंची डोकी पृष्ठाच्या आत बुडाली पाहिजेत. मेजातील खाच प्लेटच्या जाडीहून किंचित खोल घेऊन कोपऱ्यांत खालून स्क्रू द्यावेत, म्हणजे प्लेट मेजाशी समपातळीत आणता येते.

आता पत्रात ज्याला दोन शब्दच मिळाले आहेत, पण ज्याने आम्हांला अस्वस्थ केले, ते सांगतो. चिरंजीवांचे ‘नख खरवडले’ असे वडील लिहितात. मोठ्या बिटासाठी पाडलेल्या भोकात लहान बिट चालविले, की भोवती रिकामी जागा राहते. आखूड तुकड्याचे टोक तीत उतरते, मिनिटाला दहा-वीस हजार फेरे घेणारे बिट तो तुकडा हिसकावते, आणि त्यामागे बोटे जातात. म्हणून भोकात बसणाऱ्या निरनिराळ्या मापांच्या कड्या असलेलीच प्लेट घ्यावी किंवा करवून घ्यावी, आणि दर वेळी बिटाला जेमतेम वाव देणारी कडी लावावी. कडीही प्लेटशी समपातळीत हवी. लाकूड उजवीकडून डावीकडे, बिटाच्या फिरण्याविरुद्ध सरकवावे. आखूड तुकडा हाताने मुळीच धरू नये; लांब पट्टीवर काम उरकून मग तो कापून घ्यावा.

ॲक्रिलिकची जुनी प्लेट टाकून देण्याचे कारण नाही. बिटापुढे उभी करण्यास आरपार आडोसा म्हणून ती उत्तम. मेजावरील आधारपट्टीविषयी त्यांनी जे विचारले आहे, त्याचे उत्तर पुढील अंकी.