कुंपणानेच शेत खाल्ले



आम्ही व्यापाराचे वैरी नाही. नफा हे पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. म्हणूनच विलायतेतील आर्केडिया कंपनीचा हिशेब मांडायचा हक्क आम्हाला आहे.

१९०३ साली लिथुआनियातून आलेल्या माँटेग्यू बर्टन या तरुणाने चेस्टरफील्डला कपड्यांचे दुकान काढले. साध्या कामगारालाही मापाचा सूट परवडला पाहिजे, हे त्याचे गणित. लीड्सच्या कारखान्यात एके काळी १० हजार माणसे राबत. याच धंद्याने १९९८ मध्ये आर्केडिया हे नाव घेतले.

२००२ साली फिलिप ग्रीन यांनी ती सुमारे ८५ कोटी पौंडांना घेतली. मालकी एका होल्डिंग कंपनीकडे, आणि ती कंपनी मोनॅकोत राहणाऱ्या पत्नीच्या नावे. होल्डिंग कंपनी कापड शिवत नाही, विकत नाही. दुसऱ्या कंपन्यांचे शेअर तेवढे धरून बसते. २००५ साली या कुटुंबाने १२० कोटी पौंडांचा लाभांश उचलला. वर्षाच्या नफ्याच्या चौपटीहून जास्त! पैसा आला कुठून? बँकेच्या कर्जातून. बोजा कंपनीच्या सातबारावर, रोकड मोनॅकोत. तिथे प्राप्तिकरही नाही. हे सारे कायद्यात बसले. न्यायात बसले काय?

त्यांचीच बीएचएस ही दुकानांची साखळी २०१५ मध्ये एका पौंडाला विकली गेली. २०१६ मध्ये ती बुडाली, ११ हजार नोकऱ्या गेल्या. ३० नोव्हेंबर २०२० ला आर्केडियाचेही दिवाळे वाजले. १३ हजार कामगार टांगणीला लागले, पेन्शन फंडात मोठा खड्डा. २०२१ मध्ये दुकानांची नावे विकली गेली. दुकाने कोणी घेतली नाहीत.

विद्वान म्हणतात, धंदा इंटरनेटवर गेला, वर कोरोना आला. खरे आहे. पण दुष्काळ सगळ्यांवरच येतो. ज्याने कणगीतले बियाणे आधीच विकून खाल्ले, त्याला पुढे पाऊस पडला तरी पेरता येत नाही.

मार्च २०२० मध्ये याच कंपनीने पुरवठादारांच्या ऑर्डरी रद्द केल्या. असा धक्का आधी शिवणाऱ्या बाईला बसतो, मग सूतगिरणीला, आणि रांगेच्या शेवटी कापूस पिकवणाऱ्याला. लाभांशाच्या रांगेत मात्र यातले कोणीच नसते.

आमचे म्हणणे एवढेच : कामगाराचे पेन्शन आणि पुरवठादाराचे देणे आधी बाजूला काढा, मग मालकाने लाभांश उचलावा. बियाणे राखून मगच ज्वारी विकायची, हे आमच्या घरातली म्हातारी जाणते. लंडनच्या हिशेबनिसांना ते कळू नये?