सात सेंटिमीटरचा टॅब

"काका, टॅब आता कोण घेतं? हा बघा, सहा पॉइंट आठ. यातच टॅब आला समजा, वर फोनही झाला." मागच्या दिवाळीत आईसाठी टॅब घ्यायला गेलो, तेव्हा दुकानातल्या पोराने मला टॅबच्या काउंटरपर्यंत पोचूच दिलं नाही. त्याला दोष देत नाही. तो जे बोलला ते आज घरोघरी ऐकू येतं. भाचा तेच म्हणतो, ऑफिसातली मंडळी तेच म्हणतात, आणि ज्यांच्या कपाटात चार्जिंग उतरलेला टॅब पडून आहे ते तर जरा जास्तच ठासून म्हणतात.

मी टॅबच घेतला. का, ते सांगण्याआधी समोरच्यांची बाजू नीट मांडतो. ती अगदीच पोकळ नाही.

त्यांचा पहिला मुद्दा इतिहासाचा. २०१० च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्स यांनी ९.७ इंचांचा आयपॅड दाखवला तेव्हा आयफोनचा पडदा साडेतीन इंचांचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी सात इंची टॅबची टर उडवली: हे विकायचे तर सोबत सँडपेपरही द्या, म्हणजे लोकांना बोटं घासून बारीक करता येतील. पुढच्याच वर्षी सॅमसंगचा ५.३ इंचांचा गॅलेक्सी नोट आला. लोक त्यालाही हसले. कानाला पाटी लावून बोलायचं का, म्हणाले. मग २०१२ मध्ये खुद्द अ‍ॅपलनेच ७.९ इंचांचा आयपॅड मिनी काढला आणि २०१४ मध्ये साडेपाच इंची आयफोन. म्हणजे छोट्या टॅबला किंवा मोठ्या फोनला हसणारा दर वेळी तोंडघशी पडला आहे. फोन वाढतो आहे, वाढत वाढत तो टॅबला गिळणार, आणि तुम्ही आम्ही फक्त बघत राहणार.

दुसरा मुद्दा खिशाचा: दोन यंत्रं, दोन चार्जर, दोन हप्ते कशाला? तिसरा अनुभवाचा: टॅब महिनाभर मिरवतो आणि मग धूळ खातो. आणि कुणीतरी जुनं दुखणं काढतोच: सरकारने २०११ मध्ये 'आकाश' टॅब आणला होता ना, त्याचं काय झालं?

आता एकेक पाहू. इतिहासाच्या मुद्द्यातली मेख इंचांत आहे. पडद्याचे इंच एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. पडदा रुंद न करता नुसता लांबवला तरी हा आकडा फुगतो. २०११ च्या त्या नोटच्या पडद्याचं प्रमाण १६:१० होतं. गणित मांडलं तर त्याची रुंदी येते ७.१ सेंटिमीटर आणि उंची ११.४. आज ६.८ इंचांचा फोन साधारण २०:९ प्रमाणाचा असतो. त्याची उंची येते १५.८ सेंटिमीटर. आणि रुंदी? पुन्हा ७.१.

मी हे गणित दोनदा केलं, कारण पहिल्यांदा मलाच खरं वाटेना. इतक्या वर्षांत ५.३ चे ६.८ इंच झाले आणि रुंदी जागची हलली नाही. फोन वाढला तो शेवग्याच्या शेंगेसारखा. कारण उघड आहे: माणसाचा तळहात वाढलेला नाही. रुंद करायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २०१३ मध्ये सोनीचा एक्सपीरिया झेड अल्ट्रा आला, २०१६ मध्ये शाओमीचा मी मॅक्स. दोन्ही ६.४४ इंचांचे, दोन्ही १६:९ प्रमाणाचे, म्हणजे पडदा आठ सेंटिमीटर रुंद. मी मॅक्स आपल्याकडे अनेकांनी हौसेने वापरला. दोन्ही घराणी आज खुंटलेली आहेत. सातावर आठवा सेंटिमीटर बाजाराने फार काळ सोसला नाही. तो टॅबच्या सोळापर्यंत जाणार कसा?

हो, सोळा. १०.९ इंचांचा साधा टॅब घ्या. त्याचा पडदा १५.८ सेंटिमीटर रुंद आणि २२.७ उंच. फोनची उंची तेवढी टॅबची रुंदी. क्षेत्रफळ तिप्पटीहून जास्त. मराठी पुस्तकं ज्या डेमी आकारात निघतात तो साधारण १४ बाय २१.५ सेंटिमीटर. म्हणजे टॅब हातात घेतला की आपण पुस्तकाच्या पानाएवढी जागा हातात घेतो, आणि फोन घेतला की त्या पानाची उभी चिरफळी.

यावर उत्तर येतं की वर्तमानपत्राचा कॉलमही चिंचोळाच असतो, आणि लोक अख्ख्या कादंबऱ्या फोनवर वाचतात. वाचतात ना. मीही लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून वाचल्या आहेत. जो मजकूर पाण्यासारखा वाहतो, भांडं बदललं की आकार बदलतो, त्याला फोन पुरतो. अडचण वाहत्या मजकुराची नाही, पानाची आहे. पान म्हणजे ज्यात कुठली गोष्ट कुठे आहे यालाच अर्थ असतो. आणि आपला सगळा कारभार पानांवर चालतो. शासन निर्णय, बालभारतीची पीडीएफ पुस्तकं, प्रवेशाच्या कटऑफ याद्या, रक्ततपासणीचे अहवाल, आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे सातबारा.

माझ्या एका मित्राला गावाकडे वीस गुंठे जागा घ्यायची होती. एजंटाने व्हॉट्सअ‍ॅपवर सातबारा पाठवला. मित्राने तो त्याच्या भल्यामोठ्या फोनवर उघडला, दोन बोटांनी ताणला, गट नंबर पाहिला, क्षेत्र पाहिलं, विकणाऱ्याचं नाव पाहिलं. सगळं जुळलं. टोकन द्यायच्या आदल्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला होता, म्हणून सहज तीच फाइल आईच्या टॅबवर उघडली. अख्खं पान समोर आलं, तेव्हा उजवीकडे 'कुळ, खंड व इतर अधिकार' या रकान्यात कर्जाच्या बोजाच्या दोन ओळी दिसल्या. त्या फोनवर नव्हत्या का? होत्या. पण नाव वाचता येईल इतकं पान मोठं केलं की उजवा रकाना पडद्याबाहेर जातो, आणि जे दिसत नाही ते शोधायला माणूस बोट सरकवत नाही. मित्र नंतर म्हणाला, "अरे, मी पाहिलं होतं की!" त्याने खिडकीतून पाहिलं होतं.

हेही मोजता येतं. एफोर कागद २१ सेंटिमीटर रुंद. तो फोनच्या सातांत बसवला की १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं होतं. टॅबवर तेच ९ पॉइंटचं राहतं. रोमन अक्षर चार पॉइंटला निदान ओळखू तरी येतं. देवनागरीचं तसं नाही. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर एक मजला आणि खाली एक तळघर. 'वर्गांमध्ये' हा शब्द घ्या. रफार, अनुस्वार आणि मात्रा, तिघांचीही बिऱ्हाडं वरच्याच मजल्यावर. चार पॉइंटला त्या सगळ्यांची मिळून एक माशी होते. चाळिशी लागलेल्या माणसाला तर ती माशीही हललेली दिसते.

"मग आडवा धरा की!" धरतो. आडव्या फोनवर अक्षर टॅबएवढं होतं खरं, पण उंची उरते सात सेंटिमीटर, म्हणजे एका वेळी पानाचा तिसरा हिस्सा. तिथेच काही लिहायचं तर कीबोर्ड वर येतो आणि उरलेलं गिळतो. व्हिडिओचीही थोडी हीच गत: ६.८ इंचांच्या फोनवर नेहमीचा १६:९ व्हिडिओ ५.७ इंचांचा होतो, बाकी दोन बाजूंना काळ्या पट्ट्या. पण व्हिडिओवर मी भांडणार नाही. क्रिकेट बघणारा माणूस तीन इंचांवरही आनंदी असतो.

आता खिशाचा मुद्दा. पंधरा-वीस हजारांत बरा टॅब येतो. मोठ्या पडद्याच्या नावाखाली जो फोन गळ्यात मारतात तो बऱ्याचदा त्याच्या तिप्पट-चौपट असतो, आणि दोनशे ग्रॅमहून जड. सदऱ्याच्या खिशात घातला तर वाकल्यावर बाहेर पडतो, जिन्सच्या खिशात घातला तर बसता येत नाही. फोन म्हणून तो अवघडलेला आणि टॅब म्हणून अपुरा. याचा सगळ्यात चांगला पुरावा फोनवाल्यांनीच दिला आहे. २०१९ मध्ये सॅमसंगने घडीचा फोन काढला, उघडला की ७.३ इंच. आज तो आठ इंचांवर गेला आहे आणि किंमत दीड लाखाच्या वर. मोठा फोन टॅबची जागा घेऊ शकत असता, तर पडदा मधोमध दुमडण्याची ही उरस्फोड कंपन्यांनी कशाला केली असती?

आकाशचं म्हणाल, तर तो सव्वादोन हजारांच्या आसपास बनवलेला सात इंची टॅब होता. त्याचा पडदा बोटाने दाबावा लागे, तो संथ होता, बॅटरी दम धरत नसे. तो स्वस्तपणापायी मेला. त्यावरून टॅब हा प्रकारच वाईट ठरवायचा, तर पहिली नॅनो पाहून मोटारी बंद करायला हव्या होत्या.

धूळ खाण्याचं मात्र मान्य. टॅब धूळ खातात. पण आमच्या घरी पुरणयंत्रही वर्षातून चार वेळाच माळ्यावरून उतरतं, आणि म्हणून चहाच्या गाळणीने पुरण वाटा असं कुणी सुचवलेलं नाही. शिवाय यात टॅबवाल्या कंपन्यांचाही दोष आहे. वर्षानुवर्षं टॅबवर फोनचीच अ‍ॅप ताणून बसवलेली असायची. मोठ्या पडद्यांसाठी म्हणून गुगलने अँड्रॉइड १२एल आणलं ते २०२२ मध्ये. व्हॉट्सअ‍ॅपसारखी रोजची गोष्ट आयपॅडवर यायला २०२५ चा मे उजाडावा लागला. पंधरा वर्षं! इतक्या हेळसांडीनंतर टॅब तगला, यातच काय ते आलं.

जिथे फोन जिंकतो तिथे तो जिंकतोच. २०२१ च्या ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभं राहून स्वतः पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. तिथे टॅब घेऊन कोण जाईल? यूपीआय तर सिमकार्डाला बांधलेलं. भाजीवाल्यापुढे दहा इंची पाटी धरून स्कॅन करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पण टॅब फोनची जागा घेईल असं इथे कुणी म्हणतच नाही. आणि ज्याला रील, निरोप, पैसे आणि रस्ता एवढंच लागतं, त्याला टॅब लागतच नाही, त्याने घेऊही नये. फक्त त्याने "मला टॅब लागत नाही" म्हणावं. "माझा फोन म्हणजेच टॅब" म्हणू नये. मोटार न लागणं वेगळं आणि स्कूटरलाच मोटार म्हणणं वेगळं.

आतापर्यंत मापांवर भांडलो, पण माझ्या लेखी मोठा फरक मालकीचा आहे. फोन एका माणसाचा असतो. त्यात त्याचे ओटीपी येतात, साहेबाचे मेसेज येतात, तो बाथरूमपर्यंत सोबत जातो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर भरल्या, तेव्हा हे लाखो घरांनी भोगलं. बाप कामावर गेला की फोन गेला, फोन गेला की वर्ग गेला. आणि बाप घरी असला तर गणिताच्या ऐन मध्यावर त्याला फोन यायचा. पडदा कितीही मोठा असता तरी हे टळलं नसतं. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांच्या हाती टॅब दिले, राज्य शासनाची महाज्योती ही संस्था आजही जेईई-नीटच्या तयारीसाठी टॅब देते. मोठा फोन द्यावा असं त्यांना सुचलं नाही.

आमच्या घरी टॅब आईच्या पोथीच्या लाकडी स्टँडवर असतो. ती भाजी निवडता निवडता त्यावर ई-पेपर वाचते, शेंगा सोलायच्या असल्या की भजन लावते, संध्याकाळी नात शेजारी बसून बालभारतीचं पुस्तक उघडते. दोघी एकाच वेळी बघू शकतात, आणि दोघींचेही हात मोकळे असतात. फोन धरावा लागतो. टॅब ठेवता येतो. तो कुणाच्याच खिशात जात नाही, म्हणून तो सगळ्यांचा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानातला पोरगा "यातच टॅब आला" म्हणाला, तर वाद घालू नका. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी सोबत न्या, फोनवर आडवी ठेवा आणि त्यालाच आकडा वाचायला सांगा. मग त्याच फोनवर एक सातबारा उघडून द्या आणि विचारा, बोजा कुणाचा आहे?