कोळंबी बंद करायची का?

चिपळूणच्या एका भगिनीचं चार पानी पत्र समोर आहे. माहेर कऱ्हाडकडचं, घरात मासळी म्हणजे कुणी आणलाच तर सुका बोंबील. सासर मात्र मूळचं मालवणकडचं, बाजाराची पिशवी हलवल्याशिवाय सकाळ होत नाही असं. त्या लिहितात : ‘आमच्या ह्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला, कोलेस्टेरॉल वाढलंय. नणंद म्हणते, कोळंबी म्हणजे विषच, आजपासून बंद. सासूबाई म्हणतात, मामंजी कुर्ल्या-कालवं खाऊन ऐंशी वर्षं जगले. दोघींच्या मध्ये मी. ताई, तुम्हीच सांगा, बंद करू का?’ आणि पत्राच्या अगदी शेवटी, कडेला आडव्या अक्षरात, एक ता. क. आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी कोळंबीवरचा आळ. तो अगदीच खोटा नाही. शंभर ग्रॅम कोळंबीत साधारण १५० ते २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, म्हणजे जवळजवळ एका अंड्याइतकं. पण त्याच शंभर ग्रॅममध्ये चरबी जेमतेम एक-दीड ग्रॅम, आणि प्रथिनं वीस ग्रॅमच्या आसपास. आपल्या रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं, आणि त्याला जास्त चिथावणी मिळते ती तूप, लोणी, वनस्पती, लाल मांस यांतल्या घट्ट चरबीमुळे. ताटातल्या कोलेस्टेरॉलमुळे त्या मानाने कमी. १९९६ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना तीन आठवडे रोज ३०० ग्रॅम कोळंबी खायला घातली. वाईट कोलेस्टेरॉल वाढलं ७ टक्के, पण चांगलं वाढलं १२ टक्के, आणि ट्रायग्लिसराइड्स उतरली १३ टक्क्यांनी. रोज ३०० ग्रॅम हं! आपल्याकडे चौघांच्या कालवणात तेवढी पडली तरी पुष्कळ म्हणतात. अमेरिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जी मर्यादा वर्षानुवर्षं सांगितली जायची, तीसुद्धा २०१५ साली आहाराच्या शिफारशींतून काढून टाकली.

मग मोकळं रान का? नाही. ती प्रयोगातली माणसं निरोगी होती, तुमच्या ह्यांचा रिपोर्ट वाढलेला आहे. मधुमेह असेल तर आणखी जपायला हवं. पण नणंदबाईंना सांगा की कोळंबीआधी कढईकडे बघा. रव्यात घोळवून तेलात तळलेली कोळंबी आणि अख्ख्या नारळाच्या वाटणातली कोळंबी, यांत दोष कुणाचा? खोबऱ्यात घट्ट चरबी भरपूर असते, हे आम्हा कोकणच्या बायकांना ऐकवत नाही, पण आहे ते आहे. तेव्हा आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, माणशी मूठभर कोळंबी. वाटणात नारळ निम्मा, कांदा भाजून जास्त, आणि आंबटाला कोकम. तळायची हौस सणावारी. डॉक्टरांनी गोळी दिली असेल ती चालूच ठेवायची. ‘आता कोळंबी कमी केली’ म्हणून गोळी बंद करणारे नवरे मी पाहिले आहेत.

जवळा आणि सोडे यांची गोष्ट वेगळी. त्यात मीठ असतं. रक्तदाब असेल तर दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्या आणि वरून मीठ घालताना हात आखडता ठेवा. घरात कुणाचं युरिक ॲसिड वाढून अंगठा सुजत असेल, तर त्यांना मात्र कोळंबी आणि शिंपल्या दोन्ही बेतानेच.

तिसऱ्या, कालवं, शिनाणे यांना लोक उगाचच कोळंबीच्या पंगतीत बसवतात. शिंपल्यांत कोलेस्टेरॉल कितीतरी कमी असतं. पूर्वी मोजायची रीत अशी होती की शिंपल्यांतली त्याच्यासारखी दुसरी द्रव्यंही त्यातच धरली जात, म्हणून आकडे फुगलेले दिसत. ब-१२ जीवनसत्त्व तर तिसऱ्यांमध्ये एवढं असतं की एका वाटीत दिवसाची गरज भागून वर उरतं. जस्ताच्या बाबतीत कालवांच्या जवळपास दुसरं अन्न नाही. हे ब-१२ पाण्यात उतरतं, म्हणून तिसऱ्या उकडून ते पाणी मोरीत ओतू नका. रेती खाली बसू द्या आणि वरचं पाणी कालवणातच घाला. आमच्याकडे जुन्या बायका तेच करत, त्यांना ब-१२ ठाऊक नव्हतं, चव ठाऊक होती.

मात्र शिंपल्यांचा धोकाही त्यांच्या पोटातच आहे. शिंपली बसल्या जागी दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळून त्यातलं अन्न खाते. खाडीत गटार सोडलं असेल, कारखान्याचं पाणी येत असेल, तर तेही तिच्यात साठतं. जंतू चांगलं उकळल्याने मरतात. शिसं-कॅडमियम मरत नाहीत, आणि समुद्रातल्या काही सूक्ष्म वनस्पतींचं विषही शिजवून जात नाही. १९९७ साली केरळात विळिंजमला अशा विषारी शिंपल्या खाऊन सात जण दगावले आणि पाचशेच्या वर लोक रुग्णालयात गेले. तेव्हा ओळखीच्या कोळणीकडूनच घ्या, कुठल्या खाडीतल्या ते विचारा, आणि समुद्राच्या पाण्याचा रंग बदललाय अशी बातमी असेल तेव्हा घेऊच नका. पावसाळ्यात गढूळ पाण्यातल्या शिंपल्या टाळायची जुनी रीत मला पटते. शिंपली तोंड उघडून पडली असेल तर टिचकी मारून बघा. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेका. चिंबोरी नेहमी वळवळती घ्यायची. अमावास्येची भरलेली, पौर्णिमेची पोकळ, हे कोळणीही सांगतात, तरी हातात वजन घेऊन बघावं हे उत्तम.

गरोदर बायकांनीही विचारलं आहे. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या यांत पारा कमी असतो. ताज्या आणि पुरत्या शिजवलेल्या असतील तर चालतात. कच्ची कालवं मात्र कुणीच खाऊ नयेत, लिंबू पिळलं तरी. आणि मासळीवर दूध प्यायल्याने कोड उठतं, याला आधार नाही. कोड त्याने होत नाही.

आता ता. क. तो असा : ‘कोळंबी खाल्ली की माझ्या ओठांना खाज सुटते, जीभ जड होते. सोलताना हातही खाजतात. गेल्या खेपेला अंगावर गांधी उठल्या आणि छाती आवळल्यासारखी झाली. सासूबाई म्हणतात, घाटावरच्या मुलींना सवय नसते, खात राहिलं की होते. ह्यांच्या तब्येतीपुढे हे काही नाही, पण सहज लिहिलं.’

बाई, हे सहज लिहायचं नाही, हे पहिल्या पानावर लिहायचं. ह्यांच्या रिपोर्टला दोन आठवडे लागले तरी चालतील. तुमचं आजच बघायला हवं.

ही सवयीची बाब नव्हे, ही ॲलर्जी आहे असा दाट संशय आहे. कोळंबी-खेकड्यांच्या मांसात ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं. काहींचं शरीर त्याला शत्रू समजतं. ते प्रथिन शिजवून मोडत नाही, म्हणून ‘चांगली उकडून खा’ हा सल्ला निरुपयोगी. लहानपणी नसलेली ही ॲलर्जी मोठेपणी सुरू होते, आणि बहुधा जन्मभर राहते. थोडं थोडं खाऊन ती जात नाही. एकदा नुसती खाज, पुढच्या वेळी गांधी, त्याच्या पुढच्या वेळी घसा सुजून श्वास कोंडणं, असं होऊ शकतं, आणि कुठल्या वेळी काय होईल हे आधी सांगता येत नाही. छाती आवळली, म्हणजे तुमच्या बाबतीत इशारा मिळून चुकला आहे.

तेव्हा कोळंबी, करंदी, जवळा, सोडे, चिंबोऱ्या, शेवंड, सगळं बंद. तिसऱ्या-कालवंही तपासणी होईपर्यंत नकोत. काहींना दोन्हींचा त्रास होतो. बोंबील, बांगडा यांचं प्रथिन वेगळं, आजवर ते सोसले असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. पण सुक्या बाजारात बोंबलाशेजारीच जवळ्याचा ढीग असतो हे विसरू नका. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे त्वचेची किंवा रक्ताची तपासणी होते. घरी ‘एक तुकडा खाऊन बघू’ ही तपासणी नव्हे. पुन्हा कधी श्वास लागला, घसा भरला, आवाज बसला, चक्कर आली, तर गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही, थेट रुग्णालयात जायचं आणि ‘कोळंबीची ॲलर्जी आहे’ असं पहिल्या वाक्यात सांगायचं. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन देतात, जीव त्याने वाचतो. ते घरी ठेवावं का, हेही डॉक्टरांना विचारून घ्या.

राहता राहिला घरचा प्रश्न. सासूबाईंना हे पान वाचायला द्या. त्या वाईट नाहीत, त्यांनी आपल्या हयातीत असं कुणाचं पाहिलं नसेल, एवढंच. त्यांना म्हणा, ‘आई, तुमच्या हातचं कालवण सोडायचं म्हणजे मलाच वाईट वाटतं, पण आता मला चालणार नाही.’ आणि सोलायचं काम तुमच्याकडे नको, हे नवऱ्यानेच आईला सांगायला हवं. कालवण उकळत असताना त्या वाफेनेही काहींना धाप लागते, तेव्हा त्या वेळी ओट्याशी उभं राहू नका. तुमची भाजी आधी, वेगळ्या कढईत करून झाकून ठेवायची. त्यांच्या तव्यावरचं उरलेलं तेल तुमच्या बांगड्याला नको, आणि एकच पळी दोन्हीकडे फिरवायची नाही.