बारा व्होल्टांचा भरवसा

१ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ सरत आला की मालीम, कुटबण, खारीवाडा, शापोरा येथील धक्क्यांवर पुन्हा गजबज सुरू होते. फाटकी जाळी सांधली जातात, तळाला रंग चढतो, इंजिनाचे तेल बदलले जाते, बर्फ-डिझेलची तजवीज होते. नारळी पौर्णिमेला दर्याला श्रीफळ अर्पण करण्याची रीतही आमचा मच्छीमार समाज श्रद्धेने पाळतो. एवढ्या साऱ्या सिद्धतेत एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. होडीच्या बॅटरीची अवस्था कशी आहे, हे तांडेलाला बसल्या जागी दाखवणारा व्होल्टमापक ही ती वस्तू होय. अग्रलेखाचा विषय व्हावा एवढी तिची योग्यता आहे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमच्या मते ती निश्चित आहे. कारण या मापकाच्या आकड्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

पूर्वीचे लोक बॅटरीवाचून दर्यावर जात नव्हते काय, असे विचारणारे भेटतात. जात होते, परंतु त्यांच्यापाशी शीड होते, वल्हे होते. आजच्या यांत्रिक होडीवर यांपैकी काहीच उरलेले नाही. बॅटरी बसली की इंजिन सुरू होत नाही, दिवे लागत नाहीत, मासे शोधण्याचे यंत्र बंद पडते आणि बिनतारी संचही मुका होतो. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत नौकेवर दिवे असलेच पाहिजेत, असे टकरी टाळण्यासाठीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. मुरगाव बंदराकडे ये-जा करणाऱ्या जहाजांच्या वाटेत दिव्यावाचून तरंगणारी होडी म्हणजे काय, हे खलाशांना सांगावयास नको.

बिनतारी संचाची गोष्ट तर अधिकच फसवी आहे. व्हीएचएफ संच नुसता ऐकत असतो तेव्हा त्याला फार थोडी वीज लागते. पण पूर्ण २५ वॅट शक्तीने बोलू लागला की तो सुमारे ५ अँपिअर ओढतो. त्यामुळे दुबळ्या बॅटरीवरही संच सुरू दिसतो, इतरांचे बोलणे ऐकू येते आणि सारे ठीक आहे असा समज होतो. संकटसमयी १६ क्रमांकाच्या वाहिनीवर हाक देण्यासाठी कळ दाबावी, तर नेमक्या त्याच क्षणी संच बंद पडतो.

२०१७ च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या ओखी वादळाने हाच धडा दुसऱ्या अंगाने दिला. केरळ आणि तामिळनाडूच्या खोल समुद्रात गेलेल्या अनेक होड्यांपर्यंत इशारा वेळेवर पोहोचलाच नाही. कितीएक मच्छीमार परतले नाहीत आणि काही होड्या भरकटत थेट आमच्या शेजारच्या सिंधुदुर्ग किनाऱ्याला लागल्या. त्यानंतर सरकारला जाग आली हे मान्य केले पाहिजे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे जी राष्ट्रीय योजना सुरू झाली, तीनुसार १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख होड्यांवर उपग्रहाद्वारे संदेश देणारी-घेणारी यंत्रे बसवायची आहेत. सुमारे ३६० कोटी रुपयांच्या या योजनेचे आम्ही स्वागतच करतो. परंतु होडीवर यंत्र चढले म्हणजे काम संपले, अशी समजूत प्रशासनात रूढ होऊ पाहत असेल तर ती घातक आहे. उपग्रह कितीही उंचावर असो, त्याच्याशी बोलणारे यंत्र विजेवर चालते, आणि ती वीज साठवणाऱ्या पेटीची अवस्था कोणी पाहत नसेल तर कोट्यवधींचा हा डोलारा पोकळ पायावर उभा आहे.

शिसे आणि आम्ल यांच्या साध्या बॅटरीत सहा घरे असतात. ती पूर्ण भरलेली असून काही तास विसावली असेल, तर मापक सुमारे १२.७ व्होल्ट दाखवतो. १२.२ म्हणजे निम्मी वीज संपली. १२ च्या खाली आकडा गेला की ती जवळजवळ रिकामी झाली असे समजावे. म्हणजे भरलेली आणि रिकामी यांत अंतर एका व्होल्टाहूनही कमी. दिव्याच्या उजेडावरून हा फरक डोळ्यांना कळत नाही आणि कळतो तेव्हा वेळ टळलेली असते. इंजिन चालू असताना आकडा १४ च्या आसपास हवा. तो साडेबाराच्या वर चढतच नसेल, तर पट्टा सैल आहे किंवा अल्टरनेटर बिघडला आहे, हे धक्का सोडतानाच कळेल. उलट तो १५ च्या पुढे गेला, तर बॅटरी आतून उकळते आहे. मोठ्या ट्रॉलरवर दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट घेतलेले असतात. तेथे हेच आकडे दुप्पट धरावेत.

मापक बसवण्याचे काम अवघड नाही, पण ते नीट झाले पाहिजे. त्याच्या तारा थेट बॅटरीच्या टोकांवरून आणाव्यात आणि धन टोकाजवळच लहानसा फ्यूज घालावा. जवळून जाणाऱ्या दिव्याच्या तारेला जोड देऊन काम उरकले, तर त्या तारेतली घट मापकात शिरते आणि आकडा खोटा पडतो. खारी हवा उघड्या तांब्याला थोड्याच काळात हिरवे करते. म्हणून कथिल चढवलेली तार, घट्ट जोड आणि टोकांवर ग्रीस यांचा कंटाळा करू नये. आकडा उतरला की भोंगा वाजवणारा मापक मिळाल्यास उत्तम. रात्री नांगरावर दिवे जळत असताना निजलेल्या खलाशांना तो वेळीच उठवील.

मापक सर्वज्ञ नाही, हेही सांगितले पाहिजे. जुनी, थकलेली बॅटरी विसाव्यात १२.६ दाखवते आणि स्टार्टर दाबताच कोसळते. म्हणून इंजिन सुरू करताना आकड्यावर नजर ठेवावी. तो १० च्या खाली जात असेल, तर त्या बॅटरीवर पुढची फेरी करू नये. ज्यांना परवडते त्यांनी इंजिन सुरू करण्याची बॅटरी वेगळी आणि दिवे-संचाची वेगळी ठेवावी.

एवढे सांगून आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. साध्या मापकाची किंमत काही शे रुपये आहे. खोल समुद्राच्या एका फेरीला लागणाऱ्या डिझेलच्या मानाने ती नगण्य होय. विजेच्या झगमगाटात मासेमारी करण्यास केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. तरीही त्यासाठी जनरेटर चढवल्याच्या तक्रारी या किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा होत असतात. माशांना भुलवण्यासाठी वीज आणि पैसा मिळतो, मग खलाशांच्या जीविताची राखण करणाऱ्या मापकासाठी का मिळू नये? आमच्या ट्रॉलरांवर राबणारे कितीतरी खलाशी ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून आलेले असतात. होडीचा मालक किनाऱ्यावर असतो आणि बॅटरी बसल्यावर काळोखात सापडतात ते हे दूरदेशीचे तरुण. त्यांना भाषा कळो न कळो, मापकाचा आकडा कळतो.

म्हणून आमची सूचना अशी की, संदेशयंत्र देताना त्यासोबत व्होल्टमापक, फ्यूज आणि योग्य तार यांचा संच मत्स्योद्योग खात्याने द्यावा. बंदीचे दोन महिने रिकामे जातात. त्या काळात प्रत्येक धक्क्यावर एकेक दिवस मापक बसवून दाखवावा आणि आकडे वाचायला शिकवावे. हे करताना नव्या दाखल्याचा, नव्या शुल्काचा आणि नव्या हेलपाट्यांचा फास मात्र मच्छीमारांच्या गळ्यात अडकवू नये. तपासनीस दंड करायला आला की मापक भिंतीवर टांगला जातो आणि तारा मोकळ्याच राहतात, हा अनुभव सर्वच खात्यांना आहे.

मालकांनीही सरकारची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. खंडेनवमीला इंजिनाला हळदकुंकू वाहणाऱ्या हातांना बॅटरीची टोके घासून स्वच्छ करणे जड वाटू नये. यंत्राची पूजा आणि यंत्राची निगा ही एकाच कृतज्ञतेची दोन अंगे आहेत. यंदा होडी पाण्यात उतरेल तेव्हा तांडेलाच्या समोर तो लहानसा आकडा उजळलेला असावा, आणि तो पाहिल्याखेरीज नांगर उचलू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.