मुके जनावर

जनावर पारखावे ते काष्टीकराने, असे आमच्या श्रीगोंद्याकडे अभिमानाने सांगतात. आमचा जनावरांचा बाजार तसा नावाजलेलाच. नुसत्या चालीवरून बैलाचे वय सांगणाऱ्या आजोबांचा मी नातू! पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मालवणच्या समुद्रात घराण्याची ही अब्रू मी पार बुडवली.

झाले असे, की मुलांच्या हट्टाखातर आम्ही चौघे सकाळीच होडीत बसलो. देवबागजवळ होडीवाल्याने इंजिन बंद केले. करड्या पाठीचे दोन डॉल्फिन श्वासासाठी वर आले आणि दिसेनासे झाले. आमच्या सौभाग्यवतींनी नकळत हात जोडले.

पुढे सिंधुदुर्ग. शिवछत्रपतींनी १६६४ साली कुरटे बेटावर तो बांधायला घेतला, हे आम्हांला पाठ. पण तटाच्या आसपास पाण्याखाली दुसरीच एक वस्ती आहे, हे कुठे ठाऊक होते? डोळ्यांवर काच, तोंडात नळी, अंगात तरंगते जाकीट अशा थाटात मी उतरलो. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस मी! पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे नाकासमोरून गेले, तसा मी बिचकलो आणि उथळ पाण्यातल्या एका तपकिरी दगडावर पाय टेकले.

"सर, पाय काढा! तो दगड नाय, जिवंत आसा!" होडीवाला ओरडला.

ते प्रवाळ होते. पोवळ्यासारख्या ओठांची उपमा मी वर्गात वीस वर्षे समजावून देतो आहे. पण प्रवाळ हा प्राणी, हे माझ्या गावीही नव्हते. ज्वारीच्या दाण्याहून लहान अशा हजारो जिवांनी चुन्याचा बांधलेला तो वाडा. वर्षाकाठी वाढतो जेमतेम सेंटिमीटरभर. त्यांच्या अंगातले सूक्ष्म शेवाळ त्यांना पोसते. पाणी फार तापले की ते निघून जाते आणि प्रवाळ पांढरेफटक पडते. १९८७ साली इथे सागरी अभयारण्य झाले खरे. पण होड्यांचे नांगर आणि माझ्यासारख्यांचे पाय यांना ते कोणी सांगावे?

काष्टीला परतल्यावर बाजारात एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला ही हकीकत सांगितली. तो म्हणाला, "मास्तर, पाय पडल्यावर ते वरडलं का?"

"नाही."

"मंजी मुकं जनावर. त्याचं दुखणं आपुनच वळखाया पायजे!"